आईची हाक आणि ताईचं मनगट

माझी थोरली बहीण कुलपं उघडते. तोडत नाही, उघडते; या दोन शब्दांत गल्लत केलीत तर ती आठवडाभर तुमच्याशी बोलणार नाही. वय त्रेपन्न, उंची बेताची, नाकावर कायम घसरलेला चष्मा, आणि मनगटं अशी की पहिलवानानं बघून गप्प बसावं. चष्मा घसरतो तो तिच्या नाकाचा दोष, माझा नाही. मी चष्म्यांच्या दुकानात नंबर काढतो आणि ती फ्रेम मीच बसवून दिली आहे, म्हणून हे आधीच सांगून टाकलेलं बरं.

वडील गेले तेव्हा ताई एकोणीस वर्षांची होती आणि मी बारा. महिन्याभरात तिनं दुकानाचं शटर वर केलं आणि वडिलांच्या स्टुलावर जाऊन बसली. पहिलं वर्षभर गिऱ्हाईक आत डोकावून विचारायचं, "चावीवाले आहेत का?" ताई म्हणायची, "चावीवाली आहे. चालेल?" चालायचंच. दाराबाहेर अडकलेल्या माणसाला दुसरं काय करणार? या गोष्टीला आता चौतीस वर्षं झाली. दुकान तळमजल्यावर, आम्ही तिसऱ्या मजल्यावर, आणि दोघंही बिनलग्नाचे. कारण विचाराल तर आमची आई पाटीवर लिहून देईल.

पाटीवर का, तेही सांगतो. आई शाळेत ड्रिल शिकवायची. मैदानावर चारशे पोरं, ना माईक ना भोंगा, नुसता गळा. तिनं "सावधान" म्हटलं की पलीकडच्या रस्त्यावरून जाणारा टपालवाला सायकलवर ताठ व्हायचा, असं लोक सांगतात. टपालवाल्याचं मला माहीत नाही, पण मी व्हायचो. तरी तिचा खरा आवाज शाळेतला नव्हेच, तो संध्याकाळचा. दिवे लागायच्या सुमारास ती रस्त्याकडची खिडकी उघडायची, दोन्ही हात चौकटीवर टेकायची आणि एकच शब्द टाकायची: "याऽऽऽ!"

बस्स. ना नाव, ना गाव. "या" म्हणजे आम्ही दोघांनी असू तिथून, हातातलं टाकून, जेवायला यायचं. तो शब्द खालून सुरू व्हायचा, वर चढायचा, वर गेल्यावर क्षणभर अगदी सरळ उभा राहायचा, आणि मग हलायला लागायचा, सावकाश, पाण्यावर सोडलेल्या होडीसारखा. सरळ असायचा तोवर तो हुकूम होता. हलायला लागला की त्यात माया यायची. आम्ही पोरं त्या हलण्यासाठी थांबायचो आणि मगच निघायचो. पुढे आम्ही मोठे झालो, मला चाळिशीचा चष्मा लागला, तरी हाक रोज यायची. चष्म्यांचं दुकान बंद केलं की मी गल्लीच्या टोकाला न्हाव्याकडे बुद्धिबळ खेळत बसतो. तो माझा शाळूसोबती. तिथवर आईचा आवाज आरामात पोचायचा. वजीर मरत असो नाहीतर मारत असो, मी उठायचो.

दोन वर्षांपूर्वी आईच्या गळ्याचं ऑपरेशन झालं. गाठ साधी निघाली आणि आमचा जीव भांड्यात पडला. पण आवाजाची एक पट्टी जी बसली ती बसलीच. कुजबुजण्याइतका आवाज राहील, असं डॉक्टर म्हणाले. आई कुजबुजायला तयार नाही. कुजबुजणं हा तिच्या मते मागच्या बाकावरचा गुन्हा, जन्मभर तिनं त्यासाठी पोरांना कान धरून उभं केलं आहे. तिनं कपाटातून जुनी पाटी काढली, खडूचा डबा काढला, आणि तेव्हापासून आमच्या घरात सगळा कारभार लेखी चालतो.

इथवर सगळं हसून सांगता येतं. पुढचं नाही येत. इस्पितळातून घरी आल्यावर चौथ्या-पाचव्या दिवशी संध्याकाळी आईनं सवयीनं खिडकी उघडली, हात टेकले, श्वास घेतला आणि तोंड उघडलं. काहीच आलं नाही. नुसती हवा. तिनं तोंड मिटलं, खिडकी ओढून घेतली आणि कडी घातली. मी न्हाव्याकडे होतो. हे पाहिलं ताईनं, ती मागे उभी राहून ताटं पुसत होती. त्या दिवसापासून संध्याकाळी ती खिडकी उघडली नाही. मी मनाला येईल तेव्हा घरी जाऊ लागलो. जेवण गार झालेलं असायचं. आई त्यावर पाटीवरही काही लिहायची नाही, आणि तेच मला जास्त लागायचं.

आता गिटार. आमच्या मागच्या रस्त्यावर वाद्यं दुरुस्त करणारे एक गृहस्थ आहेत. त्यांच्या टेबलावर सोल्डरिंगचा धूर कधी थांबत नाही, म्हणून सगळे त्यांना सोल्डरमास्तर म्हणतात. गेल्या वर्षी कुणीतरी त्यांच्याकडे एक लांबट काळी पेटी विकायला ठेवून गेलं. पेटीला कुलूप, आणि चावी गायब. ताईला बोलावणं आलं. चहा निवायच्या आत तिनं ती उघडली. आत लालभडक इलेक्ट्रिक गिटार. मास्तरांनी ती चालते का हे बघायला स्पीकरला जोडली, एक तार वाजवून बोटानं वर ढकलली. सूर चढला, थांबला आणि हलायला लागला.

ताई सांगते, हातातला कप तिरका होऊन चहा चपलेवर सांडला तरी तिला पत्ता नव्हता.

"हे काय केलंत?" तिनं विचारलं.

"काही नाही. व्हायब्रेटो. सूर लागल्यावर तार जराशी हलवली."

"पुन्हा करा."

मास्तरांनी पुन्हा केलं. त्या दिवशी ताई दुकानात परतली ती गिटार आणि मास्तरांचा जुना स्पीकर घेऊनच. संध्याकाळी मी डोकावलो तर चाव्या कापायच्या मशीनशेजारी ही लाल बया उभी.

"वेड लागलंय का तुला?" मी म्हणालो.

"आईची हाक आहे तिच्यात," ताई म्हणाली. "मी ती काढणार."

मी हसणार होतो, पण तिचा चेहरा बघून हसू गिळलं.

"आईला यातलं अक्षर सांगायचं नाही," ती म्हणाली. "उगाच आशा लावायची आणि मला नाही जमलं तर? तिचा आवाज दुसऱ्यांदा गेल्यासारखं होईल. तेवढं मला नकोय."

"अगं पण तुला सुरातलं काय कळतं?"

"चौतीस वर्षं कुलपांना कान लावून बसलेय. ऐकायचं कसं ते तू मला शिकवू नकोस. तू आपले अक्षरांचे तक्ते दाखव लोकांना."

तर असं सुरू झालं. रोज दुपारी शटर अर्धं ओढून ताई तासभर बसायची आणि आठवड्यातून दोनदा मास्तरांकडे जायची. मास्तरांनी तिला गाणं-बिणं काही शिकवलं नाही, कारण तिनं पहिल्याच दिवशी सांगून टाकलं होतं, मला एकच सूर हवा आहे. तीस वर्षांत असा शिष्य त्यांना भेटला नव्हता. त्यांनी हात कसा धरायचा ते दाखवलं: अंगठा वरून दांड्याला अडकवायचा, अनामिका तारेवर, मागची दोन बोटं तिला टेकू द्यायला. तार वर ढकलून सूर गाठायचा. मग जरासं सोडायचं, परत गाठायचं, परत सोडायचं. "आणि हे बोटानं नाही करायचं," मास्तर बजावायचे, "मनगटानं. दाराची मूठ फिरवतो ना, तसं."

पहिल्या आठवड्यात ताईच्या बोटांना फोड आले. दुसऱ्या आठवड्यात तिनं स्वतःची अक्कल चालवली. कुलपांच्या धंद्यात कुठलीही गोष्ट अडली की तिच्यात काळी ग्रॅफाइटची पूड मारायची, की ती लोण्यासारखी सरकते. तार बोटाखाली अडते म्हणून ताईनं सहाच्या सहा तारांवर पूड मारली, आणि हात सैल होता म्हणून बटणांच्या फटीतही थोडी उडवली. पुढच्या शिकवणीला गिटार जोडली तर तिच्यातून जी काही खरखर निघाली, ती ऐकून मास्तरांनी सोल्डरिंगची गन उलटी धरली आणि हात भाजून घेतला.

"अहो बाई, यातून वीज जाते!" ते ओरडले. "ही गिटार आहे, शटर नव्हे!"

ते दोन तास कापूस आणि स्पिरिट घेऊन तिला पुसत बसले होते. ताई घरी आली तेव्हा तिच्या नाकाच्या शेंड्यापासून कोपरापर्यंत सगळं काळं होतं. आईनं तिला आपादमस्तक न्याहाळलं आणि पाटीवर लिहिलं: "संगीत शिकतेस की कोळसा काढतेस?"

आईला वाटत होतं, पोरीला उतारवयात खूळ लागलंय. दुकानातला आवाज जिन्यातून सरळ वर यायचा, आणि आईनं जन्मभर पोरांना गुण दिलेले, त्यामुळे रोज रात्रीच्या जेवणाला ताईसमोर निकाल ठेवलेला असायचा. "डास. दहापैकी एक." कधी "आज रिक्षाचा हॉर्न. दीड." एकदा नुसतंच "शेजारी घर बदलणार आहेत का?" ताई वाचायची, मान हलवायची आणि ताट पुढे ओढायची. मी हसून हसून पाणी सांडायचो.

पण खरी अडचण गमतीची नव्हती. ताईचा सूर चढायचा, नेमका लागायचा, कान तिचा पक्काच होता. आणि लागला रे लागला की हात सुटायचा. सूर कोसळायचा. मास्तर डोक्याला हात लावायचे. "तुम्ही येता आणि उंबऱ्यावरूनच परत जाता हो. बसा की जरा!" ताईला कळत होतं, हाताला कळत नव्हतं. हाताचं तरी काय चुकलं? चौतीस वर्षं त्याला एकच शिकवण: ताण द्यायचा, चाचपायचं, आणि कुलूप उघडल्याचा खटका बसला की सोडायचं. सूर लागला की ताईच्या हाताला तो खटकाच ऐकू यायचा. काम झालं, चला. मग हात सुटू नये म्हणून ती बोट घट्ट आवळायची आणि आवळलेलं बोट थरथरवायची, की झाला डास.

असे सात महिने गेले. मी मनातून म्हणू लागलो होतो की हिला हे जमायचं नाही. तोंडानं बोललो नाही, तेवढी अक्कल मला आहे.

मग ती चूक झाली. एका दुपारी ताईला वाटलं, आज जमेल. एकट्या सुरावर न थांबता तिनं आख्खी हाक काढायचा प्रयत्न केला, खालून सुरू करून वर. शटर त्या दिवशी पूर्ण उघडं होतं. सूर चढला, वर गेला, आणि तिथं जाऊन डासासारखा गुणगुणला. तिनं पुन्हा काढला. तिसऱ्यांदा काढत होती तेव्हा दारात आई उभी होती. तीन जिने उतरून आली होती, गुडघे दुखत असताना. पाटीवर मोठ्या अक्षरात लिहिलेलं होतं: "माझी नक्कल करू नकोस."

ताईनं समजवायला तोंड उघडलं, पण आई पाठ फिरवून जिना चढायला लागली होती. त्या रात्री निकाल आला नाही. ताईनं गिटार पेटीत ठेवली आणि पेटीला कुलूप लावलं. कुलूपवालीनं कुलूप लावून रुसायचं म्हणजे माशानं पाण्यात जाऊन लपायचं, असं मी म्हणालो. ती हसली नाही.

पुढच्या आठवड्यात आईच्या गळ्याची तपासणी होती. तिघं मिळून गेलो, तिघं मिळून दुपारी परत आलो, तिसऱ्या मजल्यावर दारासमोर उभे राहिलो आणि एकमेकांकडे बघायला लागलो.

आमच्या घरची एक रीत आहे. आमच्याकडे चावी कुणी बरोबर नेत नाही. दार ओढलं की आपोआप बसतं. आई बहुधा घरात असते, ती आतून उघडते. आणि नसली तर ताई खिशातून सळयांची जुडी काढते आणि मी जिन्यावर बसून बुटाची नाडी सोडेपर्यंत दार उघडलेलं असतं. चाव्या कुठल्या खणात आहेत हेही आम्हाला धड माहीत नसतं. पण महिन्याभरापूर्वी ताईनंच जुनं कुलूप काढून नवं बसवलं होतं, मिळेल ते सगळ्यात अवघड. "हे कुणाच्या बापाला उघडायचं नाही," असं तेव्हा छाती पुढे काढून सांगितलं होतं. चावी आत. आम्ही बाहेर.

आईनं आठवड्यात पहिल्यांदा पाटी काढली. "बापाला नाही. मुलीला?"

ताईनं चष्मा वर ढकलला आणि गुडघ्यांवर बसली.

कुलपाच्या आत छोट्या खिट्या असतात. डाव्या हातानं एक वाकडी पट्टी आत घालून हलका ताण ठेवायचा, उजव्या हातातल्या सळईनं एकेक खिटी वर लोटायची. सगळ्या जागेवर बसल्या की कुलूप फिरतं. या नव्या कुलपात मात्र फसव्या खिट्या होत्या, मधे बारीक, दोऱ्याच्या रिळासारख्या. त्या बसल्याचं सोंग आणतात. कुलूप किंचित फिरतं, माणसाला वाटतं उघडलं, आणि ते तिथंच अडतं. अशा वेळी डावा हात केसभर सैल करायचा, कुलपाला थोडं मागे येऊ द्यायचं, खिटी नीट वर लोटायची आणि लगेच ताण परत घ्यायचा. जास्त सोडलंत तर सगळ्या खिट्या खाली, पुन्हा पहिल्यापासून. हे सगळं मला ताईनं नंतर समजावलं. तेव्हा मला दिसत होती फक्त तिची पाठ, आणि मला भूक लागली होती.

दोन वेळा सगळं पडलं. ताई पुटपुटत होती ते इथं लिहिण्यासारखं नाही. आई वरच्या जिन्याच्या पायरीवर बसून बघत होती. आईचं बघणं साधं नसतं. कवायतीत चारशे पोरांतून एकाचा डावा पाय चुकला तरी तिला दिसायचा. थोड्या वेळानं मला खडूचा आवाज आला. आईनं पाटी माझ्यापुढे धरली. "तिचं डावं मनगट बघ."

मी बघितलं. ताईचं मनगट वळत होतं. जरासं सैल, परत घट्ट. जरासं सैल, परत घट्ट. अगदी सावकाश, आणि एकदाही पुरतं सुटत नव्हतं. बोटं शांत होती, पट्टीला नुसती टेकलेली. हलत होतं ते मनगट.

आईनं पाटी पुसली, काहीतरी लिहिलं आणि पुढे वाकून ताईच्या खांद्यावर टकटक केलं. ताईनं मान वळवली आणि वाचलं: "हाच हात गिटारवर कुठे जातो?"

ताई ते वाचतच राहिली. मी शपथेवर सांगतो, तिचे ओठ हलले आणि डोळे मोठे झाले. ती आपल्या मनगटाकडे बघायला लागली, आणि बघता बघता पट्टीवरची पकड ढिली पडायला लागली.

पाटी पुसून लिहायला वेळ नव्हता.

"सोडू नकोस!" आई म्हणाली.

कुजबुजली. घोगरं, खरबरीत, जिन्यात जेमतेम ऐकू येईल असं. दोन वर्षांत तिच्या तोंडून आलेले पहिले दोन शब्द. ताईचा हात जागच्या जागी थांबला. ताण राहिला. तिनं पुन्हा दाराकडे तोंड केलं, मनगट जरासं मागे येऊ दिलं, परत घेतलं, मागे येऊ दिलं, परत घेतलं, आणि कुलूप फिरलं. दार उघडलं. पण ताई आत गेलीच नाही. उंबऱ्यावर बसून ती हवेतच मनगट फिरवत होती, हसत होती आणि तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. "आई, तुला माहीत होतं?" तिनं विचारलं. "मी कशासाठी वाजवतेय ते?"

आईनं पाटी पुसली. मग लिहिलं: "नक्कल करायची तर नीट कर."

जेवण त्या दिवशी माझं मीच वाढून घेतलं, कारण त्या दोघी तशाच खाली दुकानात गेल्या.

त्यानंतर दुकानात जे सुरू झालं त्याला शिकवणी म्हणायची की कवायत, ते मला ठरवता येत नाही. आई चाव्यांच्या फळीखाली खुर्ची टाकून बसायची. मास्तरही यायला लागले होते, पण त्यांना बोलायची परवानगी नव्हती. ते कोपऱ्यात चहा पीत बसायचे. ताई सूर चढवायची. आई पाटीच्या लाकडी कडेवर खडूनं दोन ठोके द्यायची, एक, दोन, आणि तेवढा वेळ सूर हलता कामा नये. "आधी उभी राहा. मग हल." हात आधीच हलला की ठोका जोरात बसायचा आणि खडूचा तुकडा उडायचा. ताईनं बोट आवळलं की आई उठून तिचं मनगट स्वतःच्या हातात धरायची आणि फिरवून दाखवायची. तिला गिटारमधलं शष्प कळत नव्हतं, पण हाक तिची होती. कुठे थांबायचं, किती सोडायचं, परत कधी घ्यायचं, हे तिच्या गळ्याला माहीत होतं. गळा आता सांगू शकत नव्हता म्हणून ती हातानं सांगत होती.

जेवणाच्या टेबलावरचे निकाल परत आले. चार. साडेचार. एकदा "मास्तरांना विचार, हे गिटारचं दुखणं आहे की तुझं." मग पाच. सहा मिळाले तेव्हा ताईनं पाटी पुसू दिली नाही, रात्रभर कपाटावर तशीच ठेवली. आईनं उभ्या आयुष्यात कुणाला आठच्या वर दिलेले नाहीत, मला तर कवायतीत कायम तीन, म्हणून त्या सहाचा मला हेवा वाटला हे कबूल करतो. मग अचानक निकाल बंद झाले. मी विचारलं तर दोघी एकमेकींकडे बघून गप्प. आमच्या घरात माझ्यापासून लपवण्यासारखं कधी काही नसतं, त्यामुळे मला राग आला आणि मी न्हाव्याकडे जास्तच वेळ बसायला लागलो.

अशाच एका संध्याकाळी मी जिंकत होतो. हे नोंदवून ठेवण्यासारखं आहे, कारण न्हाव्याला मी वर्षातून एकदा हरवतो. त्याचा राजा कोपऱ्यात, माझा हत्ती समोर, आणि न्हावी खुर्चीतल्या गिऱ्हाइकाच्या गालाला फेस लावता लावता मान वळवून पटाकडे बघत घाम पुसत होता. मी हत्ती उचलला.

तेवढ्यात ते आलं. खालून सुरू झालं, वर चढलं, वर जाऊन सरळ उभं राहिलं. एक, दोन. आणि मग हलायला लागलं, सावकाश, आख्ख्या गल्लीभर.

मी हत्ती खाली ठेवला आणि उठलो.

"अरे, कुठे?" न्हावी ओरडला. "दोन चालींत जिंकतोयस की!"

"आईनं हाक मारली," मी म्हणालो.

रस्त्यावर चार पावलं गेल्यावर मला कळलं मी काय बोललो ते. मागे वळून पाहिलं तर न्हावी ब्रश हातात घेऊन दारात आला होता, आणि त्याच्या मागे अर्ध्या चेहऱ्यावर फेस असलेलं गिऱ्हाईक. लहानपणी आमच्या हाकेवरच न्हाव्याचंही खेळणं संपायचं. तो नुसता वर बघत होता.

मीही वर बघितलं. तिसऱ्या मजल्यावरची खिडकी सताड उघडी होती. आईचे दोन्ही हात चौकटीवर, बाजूला रस्त्याकडे तोंड करून ठेवलेला स्पीकर. तिच्या खांद्यामागे ताई, गळ्यात लाल गिटार, चष्मा नाकाच्या पार टोकाला. आईनं श्वास घेतलेला मला खालून दिसला. तिनं तोंड उघडलं, ताईचं मनगट वळलं, आणि या वेळी नुसती हवा आली नाही. पुन्हा तीच हाक आली, माझी, आमच्या दोघांची, आणि मी शेहेचाळीस वर्षांचा माणूस रस्त्यावरच्या दिव्याखाली उभा राहून ढसाढसा रडलो आणि मग धावत सुटलो.

तीन जिने एका दमात चढलो. दार उघडंच होतं. ताई गिटार काढून ठेवत होती आणि बोटांवर फुंकर मारत होती. आई ताट वाढत होती. तिनं माझ्या चेहऱ्याकडे बघितलं, न बघितल्यासारखं केलं आणि बोटानं टेबलाकडे दाखवलं. पाटीवर दोन ओळी होत्या. पहिली ओळ होती "ताई: नऊ." दुसरी माझ्यासाठी होती.

"जेवण गरम आहे. हात धू."